मध्येच थांबलेल्यांना परत यायची वाट ठेवा

प्रति,
ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम आखणारे, चालवणारे आणि त्यांचे नियम ठरवणारे सर्व संबंधित

विषय : अभ्यासात खंड पडलेल्या विद्यार्थ्यांसाठीचे नियम

स. न. वि. वि.

आपल्या जाहिरातींमधलं ते चित्र आता पाठ झालंय. लॅपटॉपसमोर बसलेली प्रसन्न चेहऱ्याची बाई, मागे आवरलेली खोली, खिडकीतून ऊन आणि खाली ओळ : ‘तुमच्या सवडीने, तुमच्या गतीने शिका.’ मी नोकरी करते, घर बघते आणि उरलेल्या वेळात एक पदव्युत्तर अभ्यासक्रम ऑनलाइन करते. माझ्या ओळखीत असं शिकणारे बरेच आहेत. त्या चित्रातल्यासारखी आवरलेली खोली आणि रिकामी दुपार त्यांच्यापैकी कुणाकडेच नाही. असती, तर ते रोज वर्गात जाऊन बसले असते.

तक्रारींची यादी वाचून दाखवायला हे पत्र लिहीत नाही. दूरशिक्षण नसतं तर माझ्यासारख्या अनेकांचं शिक्षण केव्हाच थांबलं असतं, हे मला ठाऊक आहे. मागणं एकच आहे. नोकरी आणि संसार सांभाळून दोन-तीन वर्षं शिकणाऱ्या माणसाच्या अभ्यासात कधी ना कधी खंड पडणार, हे गृहीत धरून आपण नियम करावेत. सध्याचे नियम खंड पडणारच नाही असं समजून केलेले दिसतात.

आपण जी मोकळीक देता ती आठवड्याच्या आतली आहे. व्याख्यान रात्री अकराला ऐका, पहाटे पाचला ऐका, कुणी विचारणार नाही. पण वर्षाचा विचार केला तर सगळं घट्ट बांधलेलं असतं. स्वाध्याय सादर करायची खिडकी ठरलेल्या दिवशी मध्यरात्री बंद होते. अंतर्गत मूल्यमापन अपुरं राहिलं की सत्रांत परीक्षेला बसता येत नाही. तो विषय पुन्हा थेट पुढच्या वर्षी. तोवर नोंदणीची मुदत संपत आलेली असते किंवा अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती आलेली असते. मग ‘पुनर्प्रवेश’ नावाचा अर्ज, नव्याने शुल्क आणि आधीच्या गुणांचं काय होणार याचं उत्तर माहितीपुस्तिकेत शोधूनही सापडत नाही.

माझ्या एका सहाध्यायी मैत्रिणीचं असंच झालं. आईच्या आजारपणात तिचे दोन स्वाध्याय राहिले. अभ्यास तिने सोडला नव्हता, रुग्णालयातल्या बाकावर बसून ती टिपणं वाचायची. पण तिला पोर्टलवर फक्त ‘मुदत संपली’ दिसत होतं. मदतकक्षाला लिहिलेल्या प्रत्येक मेलला तक्रार क्रमांक मिळायचा आणि त्यामागून त्याच नियमाची तीच ओळ. संस्थेचं नाव मी घेणार नाही, कारण ती काही जगावेगळी नाही. हा नियम थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी सापडेल. मैत्रीण हुशार होती, वर्गात असती तर एखाद्या प्राध्यापकाने तिला केबिनमध्ये बोलावून ‘पुढच्या सोमवारपर्यंत आण’ म्हटलं असतं. ऑनलाइन व्यवस्थेत असं म्हणणारं माणूसच ठेवलेलं नसतं, आणि मला ती यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते.

या क्षेत्राचा इतिहास माझ्यापेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे. तरीही एक उदाहरण देते, कारण ते फार बोलकं आहे. नेल्सन मंडेला यांनी १९४३ मध्ये विटवॉटर्सरँड विद्यापीठात कायद्याच्या पदवीला नाव घातलं आणि पदवी न मिळवताच ते तिथून बाहेर पडले. पुढे रॉबेन बेटावरच्या तुरुंगातून त्यांनी लंडन विद्यापीठाच्या बाह्य विद्यार्थ्यांसाठीच्या व्यवस्थेतून कायद्याचा अभ्यास चालवला. मधली काही वर्षं तर शिक्षा म्हणून त्यांची अभ्यासाची परवानगीच काढून घेतली होती. अखेर एलएलबी पूर्ण झाली ती १९८९ मध्ये, अजून कैदेत असताना, आणि तीही दक्षिण आफ्रिकेच्या ‘युनिसा’ या दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठाकडून. प्रवेश ते पदवी, मध्ये शेहेचाळीस वर्षं! आजच्या एखाद्या पोर्टलवर त्यांच्या नावापुढे काय दिसलं असतं, हा विचार माझ्या मनात येतोच.

आता आमच्यापैकी कुणी मंडेला नाही आणि शेहेचाळीस वर्षांची मुदतही कुणी मागत नाही. पण दूरशिक्षणाची मूळ कल्पनाच तुटलेला धागा पुन्हा जोडता यावा अशी होती, हे त्यातून दिसतं. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा बाहेरच्या उमेदवारांना खुल्या केल्या, तेव्हा तुम्ही कुठे आणि कसं शिकलात हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला होता. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. त्यांनी प्रवेशासाठी आधीच्या शैक्षणिक पात्रतेची अट ठेवली नाही आणि पदवीचे तुकडे केले. एकेक अभ्यासक्रम पूर्ण करायचा, त्याचा श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, खात्यात जमा करायचा. सुरुवातीच्या काळात असे सहा श्रेयांक झाले की साधी पदवी आणि आठ झाले की ऑनर्स. या रचनेतली खुबी अशी की एखादं वर्ष सुटलं तरी आधीचं कमावलेलं बुडत नाही. पुढे स्पेनमध्ये १९७२, जर्मनीत हागेनला १९७४, भारतात राष्ट्रीय पातळीवर (इग्नू) १९८५ अशी जगभर मुक्त आणि दूरशिक्षण विद्यापीठं उभी राहिली. श्रेयांक हा त्या सगळ्यांच्या बोलीतला नेहमीचा शब्द झाला. पण शब्द आला म्हणून त्यामागचा हेतू आला असं होत नाही. श्रेयांक जमा होतात, पण खंड पडला की गोठतात, अशी आज अनेक ठिकाणची गत आहे.

गणिताचीही एक बाजू आहे, आणि ती आपण प्रवेश देताना कधी मांडत नाही. आजच्या ब्रिटिश पद्धतीत एक श्रेयांक (मुक्त विद्यापीठाच्या त्या सुरुवातीच्या श्रेयांकाहून हा खूपच लहान) म्हणजे साधारण दहा तासांचा अभ्यास, युरोपीय पद्धतीत एकाला पंचवीस ते तीस तास. ब्रिटिश हिशेबाने साठ श्रेयांक घ्या. ते पूर्ण वेळ शिकणाऱ्याच्या वर्षाच्या निम्मे होतात. म्हणजे सहाशे तास. सुट्ट्या वगळून चौतीस-पस्तीस आठवड्यांत ते बसवायचे तर आठवड्याला सतरा तासांच्या आसपास. नोकरी करणाऱ्याने सोमवार ते शुक्रवार रोज रात्री न चुकता दोन तास काढले तरी दहाच होतात, उरलेले सात शनिवार-रविवारी. यात पाहुणे, ताप, कार्यालयातली वर्षअखेर, मुलांच्या परीक्षा आणि सरळसरळ कंटाळा यांना जागाच नाही. ‘अर्धवेळ’ या शब्दाआड हे सतरा तास दडलेले असतात. जाहिरातीत ते सतरा तास ठळक छापा. काही लोक प्रवेश घेणार नाहीत, हे खरं. पण जे घेतील ते एका वेळी दोनऐवजी एक विषय घेऊन येतील आणि टिकतील.

इथे एक गैरसमज व्हायला नको. मला तारखा नकोत, असं मी म्हणत नाही. उलट तारखा नसलेला अभ्यासक्रम हा पूर्ण न होण्यासाठीच असतो, अशी माझी पक्की समजूत झाली आहे. ‘कधीही करा’ म्हणून सांगितलेलं काम कुणाच्याच हातून होत नाही, शहाण्यांच्याही नाही. याचा पुरावा हवा असेल तर खुल्या महाऑनलाइन अभ्यासक्रमांकडे, म्हणजे मूक्सकडे पाहा. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी ‘एडएक्स’ या ऑनलाइन व्यासपीठावर चालवलेल्या अशा अभ्यासक्रमांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते सुमारे तीन टक्के. पैसे भरून पडताळलेल्या प्रमाणपत्राची वाट धरणाऱ्यांमध्येही निम्म्याहून कमी. आणि बहुसंख्य लोक पहिल्या वर्षानंतर पुन्हा फिरकलेच नाहीत. तिथे मोकळीक भरपूर होती. पण मध्ये गळालेल्या माणसाला ‘तू कुठे आहेस?’ असं विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणून तारखा हव्यात आणि तारीख चुकल्यावर पुढे काय, तेही आधीच ठरलेलं हवं. एक गाडी चुकली तर पुढची किती वाजता, एवढं फलकावर लिहिलेलं असलं की प्रवासी घाबरत नाही. तसंच एखादा विषय वर्षातून दोनदा सुरू होत असेल, सत्रभर थांबण्याचा पर्याय अर्जाच्या एका पानावर असेल आणि परत आल्यावर आधीचे स्वाध्यायाचे गुण धरले जाणार असतील, तर आजारी आईजवळ बसलेली मुलगी शांतपणे ‘या सत्रात थांबते’ असं कळवू शकेल. आज ती कळवत नाही, कारण थांबणं म्हणजे गळणं असंच सगळे समजतात, आपण आणि आम्हीही. मग ती गुपचूप मागे पडते आणि संस्थेच्या नोंदीत एक दिवस निष्क्रिय होते.

मागे पडणारा विद्यार्थी आपल्याला दिसत नाही असं मात्र मानू नका. पोर्टलला सगळं माहीत असतं. कोण कधी आत आलं, कोणता व्हिडिओ कितव्या मिनिटाला सोडला, कोणती चाचणी उघडून तशीच ठेवली, सगळ्याची नोंद होते. मग दोन आठवडे न फिरकलेल्या माणसाला एक फोन का जात नाही? आपोआप सुटणारा ‘आम्हाला तुमची आठवण येते’ छापाचा मेल नव्हे. नाव घेऊन बोलणाऱ्या समंत्रकाचा, म्हणजे अभ्यासात मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाचा फोन. पाच मिनिटांचा. शुल्काचा हप्ता चुकला की हेच पोर्टल दुसऱ्याच दिवशी जागं होतं, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

दूरशिक्षणाच्या अभ्यासकांमध्ये मायकल मूर यांचं नाव आदराने घेतलं जातं. १९७० च्या दशकापासून ते मांडत आले की या शिक्षणातलं अंतर मैलांमध्ये मोजायचं नसतं. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात संवाद किती होतो आणि अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आहे, यांवर ते अंतर ठरतं. संवाद कमी आणि चौकट ताठर असेल तर शेजारच्या खोलीतला विद्यार्थीही दूरच. मला हे पटतं, कारण माझ्या अभ्यासक्रमातले काही विषय अगदी जवळचे वाटतात आणि काही परक्या ग्रहावरचे. व्हिडिओ दोन्हीकडे सारखेच देखणे आहेत. फरक आहे तो तपासून आलेल्या स्वाध्यायात.

तपासलेल्या स्वाध्यायाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते दूरशिक्षणाचा सगळा जीव तिथे आहे. आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये इंग्लंडात टपालाने लघुलिपी शिकवायला घेतली. एक पेनीत पत्र पोचवणारी टपालसेवा त्याच वर्षी सुरू झाली होती. ते धडे पाठवायचे, विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून परत पाठवायचे आणि पिटमन तो दुरुस्त करून धाडायचे. यातला धडा तर छापील पुस्तकातही मिळाला असता. विद्यार्थ्याला हवी होती ती दुरुस्ती. आता आपल्याकडे टपालाची वाट पाहावी लागत नाही, तरी स्वाध्यायाचा निकाल पुढचा स्वाध्याय सादर झाल्यावर येतो. आणि शेरा काय, तर ‘चांगला प्रयत्न’, ‘अधिक सविस्तर हवे’. कुठे सविस्तर हवं? कोणता मुद्दा निसटला? समंत्रकांना मी दोष देत नाही. एकेकाच्या माथी किती वह्या मारल्या आहेत आणि त्याचं मानधन किती, हे आपल्यालाच ठाऊक. पण व्हिडिओच्या चित्रीकरणावरचा खर्च थोडा कमी करून तपासणाऱ्यांना वेळ विकत घेऊन द्या, एवढं सुचवते. आणि पहिला स्वाध्याय छोटा ठेवा, पहिल्या तीन-चार आठवड्यांतच घ्या, आठवड्याभरात परत द्या. जे सत्राच्या मध्यावर गळतात त्यांतले पुष्कळ जण खरं तर सुरुवातीलाच हरवलेले असतात. फक्त कळायला उशीर होतो.

व्हिडिओंचं थोडक्यात. २०१४ मध्ये ‘एडएक्स’वरच्या लाखो वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदींवरून एक निष्कर्ष निघाला होता की सहा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ लोक शेवटपर्यंत पाहत नाहीत. त्यानंतर सगळीकडे सहा-सहा मिनिटांचे तुकडे पडू लागले. पण त्या संशोधनाने लोक किती वेळ बघतात ते मोजलं होतं, किती शिकतात ते नव्हे. मला कठीण संकल्पनेवरचं चाळीस मिनिटांचं सलग व्याख्यान चालतं. फक्त त्याचा लिखित मजकूर सोबत द्या आणि ते उतरवून घेता येऊ द्या, कारण नेटवर्क जिथे नसतं नेमकं तिथेच अभ्यासाला वेळ मिळतो. आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आपल्या शिक्षणशास्त्राच्या विभागात शिकवला जात असेलच. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते स्वतःची परीक्षा घेतलेले. खंड पडून परतलेल्या विद्यार्थ्याला तर अशा छोट्या चाचण्यांचा फार आधार होतो. आपण कुठवर आलो होतो आणि काय विसरलो, हे त्याला तासाभरात समजतं.

परीक्षेबाबतही एक विनंती. कॅमेऱ्याची देखरेख समजू शकते, नकला होतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विचार करताना माणूस खाली किंवा छताकडे बघतो. मागून घरातलं मूल डोकावतं. वीज जाते. याला यंत्र ‘संशयास्पद हालचाल’ म्हणतं आणि मग खुलासा विद्यार्थ्याने द्यायचा. यंत्राच्या शेऱ्यावर माणसाची नजर फिरल्याशिवाय कुणाचा निकाल अडवू नये, आणि संपर्क तुटलेल्याला त्याच महिन्यात दुसरी संधी मिळावी. त्याला वर्षभर थांबायला लावू नका.

पदवीला मान्यता आहे का, नोकरीत ती चालते का, हे प्रश्न विद्यार्थी प्रवेशाआधी विचारतातच. आपण उत्तर स्पष्ट द्या, एवढंच. त्यावर याहून जास्त शाई घालवत नाही.

आता आपल्या बाजूने काय म्हटलं जाईल याचा मला अंदाज आहे. पहिलं, दर्जा घसरेल. मला ते पटत नाही. मी परीक्षा सोपी करा म्हणत नाही, गुण वाढवा म्हणत नाही. तोच पेपर सहा महिन्यांनी दिला तर तो हलका कसा होतो? दुसरं, अभ्यासक्रम बदलतो, जुने श्रेयांक कालबाह्य होतात. यात तथ्य आहे. संगणक किंवा करविषयक कायदे यांसारख्या विषयांत तर नक्कीच. पण मग श्रेयांक किती वर्षं टिकेल हे विषयागणिक आधीच सांगा आणि मुदत संपल्यावर अख्खा विषय पुन्हा करायला लावण्याऐवजी बदललेल्या भागापुरता जोडअभ्यास द्या. तिसरं, प्रशासनाला हे झेपणार नाही. हा आक्षेप मी सर्वांत गांभीर्याने घेते, कारण कार्यालयात काम कसं चालतं हे मी रोज पाहते. वेगवेगळ्या टप्प्यांवरचे विद्यार्थी सांभाळणं कटकटीचं आहे, मान्य. पण हजारोंच्या प्रत्येक क्लिकचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला ‘हा विद्यार्थी फेब्रुवारीत थांबला, ऑगस्टमध्ये परत येणार’ एवढी नोंद जड होऊ नये.

मी यातली एखादी गोष्ट आडाख्याने बोलत असेन तर ती आकड्यांनी खोडून काढा. खरंच काढा. दर वर्षी किती जणांनी प्रवेश घेतला हे आपण अभिमानाने सांगता. त्यांच्यापैकी किती जणांनी पूर्ण केलं, किती मध्ये थांबले आणि थांबलेल्यांपैकी किती परत आले, हे तीन आकडे मला कुठल्याही माहितीपुस्तिकेत दिसले नाहीत. तिसरा आकडा तर कुणी मोजत असेल का, याचीही शंका आहे.

तेव्हा पुढच्या प्रवेशफेरीच्या माहितीपुस्तिकेत, शुल्काच्या तक्त्याच्या शेजारच्याच पानावर, एवढं छापा : आठवड्याला खरोखर किती तास लागतात, एक सत्र थांबायचं असेल तर कुणाला, कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं, थांबल्यावर कोणते गुण आणि श्रेयांक कायम राहतात, परत येताना किती शुल्क पडतं, आणि वर सांगितलेले ते तीन आकडे. माझी मैत्रीण पुन्हा प्रवेश घ्यायचा विचार करते आहे. ते पान ती आधी उघडेल.

कळावे,

आपली,
नोकरी सांभाळून शिकणारी एक विद्यार्थिनी